जुना फोटो नेमका कुणाचा?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी भंडाऱ्याच्या कोर्टात वकिली करतो. दिवाळी सरली, हलका धान कापून झाला, की आमच्या भागात गावोगावी मंडई भरू लागते. रात्री नाटकं आणि दंडारी होतात. त्याच सुमारास आणखी एक हंगाम सुरू होतो, तो स्मरणिकांचा. शाळेची पंचाहत्तरी, मंडळाचा सुवर्णमहोत्सव, एखाद्या दिवंगत कलावंताची जन्मशताब्दी. मंडळी गावभर फिरून ट्रंका उघडायला लावतात, पिवळे पडलेले फोटो गोळा करतात आणि छापखान्यात नेऊन देतात.

काही वर्षांपूर्वी अशाच एका मंडळाची चार माणसं माझ्याकडे आली होती. झाडीपट्टी रंगभूमी गाजवलेल्या एका दिवंगत नटाचा फोटो त्यांना मुखपृष्ठावर घ्यायचा होता. फोटो १९७४ सालचा होता. त्या वर्षीच्या नाटकाच्या पत्रकावर तो छापलाही गेला होता. "वकीलसाहेब, काही अडचण तर नाही ना जी?" त्यांनी विचारलं. मी फोटो उलटसुलट पाहिला. मागे स्टुडिओचा पुसट शिक्का होता. मी म्हणालो, "माणूस जाऊन वीस वर्षं झाली, फोटो त्याहून जुना. घरच्यांची हरकत नाही ना? मग छापा."

माझा सल्ला चुकला होता. कसा चुकला, तेच आज तुम्हाला सांगायचं आहे. कारण ही चूक माझ्या एकट्याची नाही. जयंतीचा फलक, दिवाळी अंक, दुकानाचं कॅलेंडर, गावाचा इतिहास, सगळीकडे आपण ती रोज करतो.

स्मरणिका निघाली, कौतुक झालं. दोनेक महिन्यांनी गावातल्या एका दुकानदारानं तोच फोटो उचलून आपल्या फ्लेक्सवर लावला. आणि एका सकाळी पन्नाशीचे एक गृहस्थ पत्र्याचा डबा घेऊन माझ्या घरी आले. डब्यात निगेटिव्ह होत्या, कागदात एकेक नीट गुंडाळलेल्या. मूळ फोटो काढणारे त्यांचे वडील होते. ते १९८८ साली वारले. गृहस्थांनी त्या फोटोची निगेटिव्ह उजेडात धरली आणि एवढंच म्हणाले, "नटाचं नाव आहे, मंडळाचं आहे, छापखान्याचं आहे. माझ्या बाबांचं नाव कुठंच नाही."

श्रोतेहो, एका फोटोत कायद्याच्या दृष्टीनं तीन माणसं असतात. एक, ज्याचा फोटो आहे तो. दुसरा, ज्यानं फोटो काढला तो. आणि तिसरा, ज्याच्या पेटीत तो आज पडला आहे तो. आपण पहिल्याला ओळखतो आणि तिसऱ्याची परवानगी घेतो. दुसऱ्याला मात्र विसरतो. आणि छापण्याचा हक्क बहुतेक वेळा त्या दुसऱ्याकडेच असतो.

आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ सालचा. तो २१ जानेवारी १९५८ पासून लागू झाला. या कायद्यानं छायाचित्राला चित्राच्या आणि शिल्पाच्या पंगतीला बसवलं आहे. फोटो ही कलाकृती, आणि तो काढणारा तिचा कर्ता. त्यासाठी कुठं नोंदणी करावी लागत नाही की फोटोवर शिक्का मारावा लागत नाही. फोटो काढला की हक्क जन्माला येतो.

याला काही अपवाद आहेत, आणि ते नेमके आपल्या रोजच्या व्यवहारातले आहेत. तुम्ही स्टुडिओत गेलात, पैसे दिलेत आणि स्वतःचा किंवा घरच्यांचा फोटो काढून घेतलात, तर वेगळा करार नसेल तेव्हा त्याचे पहिले मालक तुम्ही. लग्नाच्या अल्बमचंही तसंच. छायाचित्रकार एखाद्या वृत्तपत्राचा पगारी नोकर असेल, तर त्यानं त्या कामात काढलेला फोटो छापण्याचा हक्क वृत्तपत्राच्या मालकाचा. सरकारी खात्यानं काढवून घेतलेला फोटो सरकारचा. पण कुणी सांगितलं नाही, कुणी पैसे दिले नाहीत, आणि एखादा छायाचित्रकार आपला कॅमेरा घेऊन सभेला किंवा नाटकाला गेला आणि फोटो काढून आला, तर तो फोटो त्याचाच. मंचावर कितीही मोठा माणूस उभा असो.

आमच्या नटाचा फोटो असाच निघाला होता. मंडळानं त्यासाठी एक पैसाही दिलेला नव्हता. छायाचित्रकार रात्रभर नाटक पाहायला बसले होते, आणि मध्येच उठून त्यांनी चार फोटो काढले होते.

आता प्रश्न मुदतीचा. हक्क किती वर्षं चालतो? इथं आमच्या भंडाऱ्याचंच एक उदाहरण घेतो.

१९५४ साली भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. तेव्हा भंडारा मध्य प्रदेश राज्यात होता आणि आजचा गोंदियाही भंडारा जिल्ह्यातच होता. राखीव जागेसाठी साक्षात डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून ते थोड्या मतांनी पराभूत झाले. सर्वसाधारण जागेवर समाजवादी नेते अशोक मेहता निवडून आले. अडीच वर्षांनी, ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं. त्यामुळं त्या निवडणुकीची आठवण आमच्या जिल्ह्यात अनेक घरांत अजून हळवेपणानं जपली जाते.

समजा, त्या प्रचाराचा एखादा फोटो आज कुणाच्या घरात सापडला आणि तो १९५४ सालीच कुठल्या तरी पत्रात छापून आलेला होता. आज तो कुणीही छापू शकतं का? लोक पटकन म्हणतात, बाबासाहेबांचे ग्रंथ आता सर्वांसाठी खुले झाले आहेत, मग फोटोचं काय? ग्रंथांची गोष्ट खरी आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हा नियम, म्हणून बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथांवरचा कॉपीराइट २०१६ च्या अखेरीस संपला. पण फोटो बाबासाहेबांनी काढलेला नव्हता. फोटोचा हिशेब त्यात उभ्या असलेल्या माणसाच्या मृत्यूवरून होतच नाही.

पूर्वी फोटोची मुदत प्रसिद्धीपासून मोजत. आधी पन्नास वर्षं होती, १९९२ च्या दुरुस्तीनं ती साठ झाली. त्या नियमानं १९५४ साली छापलेला फोटो २०१४ संपेपर्यंत बंधनात आणि १ जानेवारी २०१५ पासून मोकळा झाला असता. पण २०१२ साली संसदेनं कायदा बदलला. फोटोसाठीचं ते वेगळं कलमच काढून टाकलं आणि छायाचित्रकाराला लेखकाच्या, चित्रकाराच्या बरोबरीला आणलं. आता फोटो काढणाऱ्याचं आयुष्य आणि त्याच्या मृत्यूनंतरची साठ वर्षं, अशी मुदत झाली. ही दुरुस्ती २१ जून २०१२ ला लागू झाली. त्या दिवशी ज्या फोटोंवरचा हक्क जिवंत होता त्यांचं आयुष्य वाढलं. ज्यांचा आधीच संपला होता तो पुन्हा उठला नाही.

म्हणजे भारतापुरती एक रेघ लक्षात ठेवा. १९५१ अखेरपर्यंत छापून आलेले फोटो मोकळे आहेत. १९५२ पासून पुढं छापलेल्या फोटोंना नवा नियम. आमची १९५४ ची निवडणूक त्या रेघेच्या जेमतेम पलीकडे पडते. दीक्षाभूमीवरचा १४ ऑक्टोबर १९५६ चा सोहळाही पलीकडेच. तिथं छायाचित्रकार कोण होता आणि तो कधी वारला, हे शोधल्याशिवाय उत्तर नाही. फोटो सरकारी असेल तर गोष्ट सोपी, तिथं अजूनही प्रसिद्धीपासून साठ वर्षंच मोजतात. आणि जो फोटो आजवर कधी छापलाच गेला नाही, त्याचं गणित आणखी गुंतागुंतीचं आहे. तो जुना आहे म्हणून मोकळा, असं मात्र समजू नका.

आमच्या नटाच्या फोटोचा हिशेब मी नंतर कागदावर मांडला. छायाचित्रकार १९८८ साली गेले, म्हणजे हक्क ३१ डिसेंबर २०४८ पर्यंत. आणि मी "जुना आहे, छापा" म्हणून मोकळा झालो होतो!

आणखी एक जवळचं उदाहरण देतो. गौतम राजाध्यक्षांनी टिपलेले चेहरे आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. लता मंगेशकरांचाही त्यांत समावेश आहे. राजाध्यक्ष १३ सप्टेंबर २०११ ला गेले, लताबाई ६ फेब्रुवारी २०२२ ला. छायाचित्रकार आधी गेला, गायिका नंतर. पण त्यांनी काढलेल्या फोटोंची मुदत मोजायची ती राजाध्यक्षांच्या वर्षापासून, म्हणजे २०७१ च्या अखेरपर्यंत. लताबाईंच्या निधनाच्या दिवशी गावोगावच्या फलकांवर किती छायाचित्रकारांची मेहनत नावाशिवाय टांगली गेली असेल, याचा विचार माझ्या मनात आला तो या हिशेबानंतर.

आता पहिल्या माणसाकडे वळू. ज्याचा फोटो आहे तो प्रसिद्ध माणूस आज हयात नाही. त्याच्या वारसांची परवानगी लागते का?

जिवंत माणसाच्या बाबतीत न्यायालयं आता फार जागरूक झाली आहेत. अमिताभ बच्चन यांना २०२२ मध्ये आणि अनिल कपूर यांना २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं, तर अरिजित सिंग यांना २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं संरक्षण दिलं. त्यांचं नाव, चेहरा किंवा आवाज परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरायचा नाही. पण मृत्यूनंतर हा हक्क वारसांकडे जातो का? जयललितांवरच्या चित्रपटाला त्यांच्या भाचीनं हरकत घेतली, तेव्हा २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं सांगितलं, की माणसानं हयातीत मिळवलेली खासगीपणाची आणि प्रतिष्ठेची ही मिरास त्याच्याबरोबर संपते, घरदारासारखी वारशानं मिळत नाही. सुशांतसिंह राजपूत यांच्या वडिलांच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये तसंच मत दिलं. त्याआधी १९९४ मध्ये राजगोपाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं, की सार्वजनिक नोंदींत असलेल्या माहितीवर लिहायला कुणाची संमती लागत नाही.

म्हणजे दिवंगत माणसाबद्दल लिहिताना, त्याचा इतिहास सांगताना वारसांची परवानगी हा कायद्याचा दंडक नाही. तरी तीन ठिकाणी पाय जपून टाकावा लागतो.

पहिलं म्हणजे बदनामी. मृत माणसाबद्दल, त्याच्या घरच्यांच्या भावना दुखावण्याच्या हेतूनं काही बदनामीकारक प्रसिद्ध केलं तर तो गुन्हा ठरू शकतो. भारतीय दंडसंहितेत हे होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. फोटो खरा असला तरी त्याखालची ओळ खोटी असू शकते, हे विसरू नका.

दुसरं, धंदा. १९५० च्या एका कायद्यानुसार छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंडित नेहरू यांचं नाव किंवा चित्र केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय व्यापारासाठी वापरता येत नाही. कॅलेंडरला थोडी सूट आहे, पण त्यावर मालाची जाहिरात नको. गांधीजींचे त्यांच्या हयातीत छापलेले फोटो आज कॉपीराइटमधून मोकळे आहेत. ते तुम्ही पुस्तकात छापा, शाळेत लावा. तेच साबणाच्या वेष्टनावर लावता येणार नाहीत. शिवाय, कुणाचं चित्र व्यापारचिन्ह म्हणून नोंदवायचं असेल आणि तो माणूस अर्जाच्या आधीच्या वीस वर्षांत वारला असेल, तर निबंधक त्याच्या वारसांची संमती मागू शकतात.

तिसरं, नवं संकट. आता यंत्र जुन्या फोटोला बोलायला लावतं. गेलेला पुढारी मतं मागतो, गेलेली गायिका तेल विकते. हा फोटो छापणं नव्हे. जे त्यानं कधी म्हटलं नाही ते त्याच्या तोंडी घालणं आहे. त्यापासून दूर राहा.

हा झगडा जगभर चालू आहे. चे गव्हेराचा तो टोपीवाला फोटो तुम्ही तरुणांच्या बनियनवर पाहिला असेल. १९६० साली क्यूबाच्या आल्बेर्तो कोर्दा यांनी तो काढला. चे १९६७ मध्ये मारला गेला. फोटो जगभर छापला गेला आणि कोर्दांनी त्याबद्दल कधी पैसे मागितले नाहीत. पण २००० साली तो व्होडकाच्या जाहिरातीत आला, तेव्हा ते कोर्टात गेले. तडजोडीत मिळालेली पन्नास हजार डॉलरची रक्कम त्यांनी क्यूबातल्या आरोग्यसेवेला देऊन टाकली. लढा चालू द्या, दारू विकू नका, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. अमेरिकेत मेरिलिन मन्रोच्या फोटोंवरूनही तिची मालमत्ता सांभाळणारे आणि छायाचित्रकारांचे वारस यांच्यात वर्षानुवर्षं खटले चालले, आणि २०१२ मध्ये अपील न्यायालयाचा कौल छायाचित्रांच्या बाजूनं गेला. तिथंही वाद तोच होता, चेहऱ्याचा हक्क मोठा की कॅमेऱ्याचा.

आता राहिला तिसरा माणूस, ज्याच्या पेटीत फोटो आहे तो. "फोटो तर आमच्याच घरचा आहे ना जी?" हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलं आहे. कागद तुमचा आहे, त्यावर छापण्याचा हक्क तुमचा असेलच असं नाही. पुस्तक विकत घेतलं म्हणून आपण त्याची आवृत्ती काढत नाही, तसंच हे. पण म्हणून या तिसऱ्या माणसाला कमी लेखू नका. त्यानं फोटो वाळवीपासून वाचवला. त्याच्या परवानगीशिवाय फोटो आपल्यापर्यंत आलाच नसता. त्याचे आभार मानणं हे कायद्यात नसलं तरी रीतीत आहे.

मग स्मरणिका काढायच्याच नाहीत का? जरूर काढा. फक्त थोडं काम करा. फोटो उलटा करा आणि मागचा शिक्का, तारीख, सही उतरवून घ्या. स्टुडिओ बंद झाला असेल तर त्या गल्लीत विचारा. भंडारा, तुमसर, साकोली, पवनी, आपली गावं काही इतकी मोठी नाहीत. छायाचित्रकार किंवा वारस सापडले तर परवानगी लेखी घ्या. कुठं छापणार, किती प्रती, किती काळासाठी, हे चार ओळींत लिहा. हक्कच लिहून घेत असाल तर मुदत न लिहिल्यास कायदा ती पाच वर्षं धरतो. एखाद्या फोटोवर समीक्षा करायची असेल, ताज्या घटनेचं वृत्त द्यायचं असेल किंवा स्वतःच्या अभ्यासासाठी प्रत हवी असेल, तर कायदा रास्त वापराची मुभा देतो. शिक्षकाला वर्गात शिकवण्यासाठीही मुभा आहे. पण विकायच्या स्मरणिकेचं मुखपृष्ठ या मुभेत सहजासहजी बसत नाही.

आणि खूप शोधूनही कुणी सापडलं नाही तर? कायद्यात अशा बेवारस कृतींसाठी परवाना मागण्याची सोय आहे. आधी वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यायची, मग अर्ज करायचा. २०२१ पासून हे अर्ज वाणिज्यिक न्यायालयाकडे जातात. गावच्या मंडळाला ही वाट लांबची आहे, हे मी कबूल करतो. ज्यांना ती जमत नाही त्यांनी निदान आपण काय शोधलं, कुणाला विचारलं, याची वही ठेवावी. ही वही म्हणजे परवाना नव्हे. पण उद्या कुणी दारात उभं राहिलं तर आपण ठरवून चोरी केली नव्हती, एवढं ती सांगेल. कारण जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड लिहिलेला आहे.

त्या डबा घेऊन आलेल्या गृहस्थांचं पुढं काय झालं, ते सांगून थांबतो. मी त्यांना कायदा समजावून सांगितला. तुम्ही नुकसानभरपाई मागू शकता, म्हणालो. त्यांनी मान हलवली. त्यांना पैसे नको होते, नाव हवं होतं. कर्त्याचं नाव लागावं, हा हक्क कायद्यानं पैशाच्या हक्कापासून वेगळा ठेवला आहे. फोटो विकला तरी तो सुटत नाही. पूर्वी वारसांना तो मागता येत नसे. २०१२ च्या त्याच दुरुस्तीनं वाटेतले ते शब्द काढून टाकले. म्हणजे मुलाला वडिलांचं नाव मागण्याचा हक्क मिळून काही वर्षंच झाली होती, आणि ते माझ्या दारात आले होते.

मंडळाची माणसं चांगली होती. दुकानदारानं फ्लेक्स उतरवला. स्मरणिकेच्या तीनशेच्या आसपास प्रती अजून शिल्लक होत्या. एका रविवारी आम्ही सगळे मंडळाच्या खोलीत बसलो, चिठ्ठ्या कापल्या आणि प्रत्येक प्रतीच्या आतल्या पानावर एकेक चिकटवली. "मुखपृष्ठावरील छायाचित्र" आणि पुढं त्या छायाचित्रकाराचं नाव. गृहस्थही खळ लावायला बसले होते. शेवटची प्रत त्यांनी स्वतःजवळ ठेवून घेतली.

ज्या प्रती आधीच वाटल्या गेल्या, त्यांवर ते नाव आजही नाही. एखाद्या घरात ती स्मरणिका असेल, तर तुमच्या हातानं फोटोखाली पेन्सिलीनं एवढं लिहा, की हा फोटो काढणारा माणूसही आपल्यातलाच होता. त्याचं नाव विचारून घ्या.